दहा नंबरचा पान्हा

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (माझे दोन्ही शाबूत आहेत, याची हल्ली लाज वाटते). तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं का? बोटांना अजून मुंग्या येतात का? आमच्या ताईच्या घरी तुला कोणी इकडची काडी तिकडे करू देत नाही, असं ती फोनवर अभिमानाने सांगत होती. ते ऐकून मला तुझी फार काळजी वाटली. आम्ही सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. पण मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही (कॉलेजचं सोडून), म्हणून सांगतो की खुशाल फक्त आई आहे.

मुद्द्याचं आधी. डॉक्टरांनी तुला यापुढे धार काढायला कायमची बंदी केली, त्याच दिवशी बाबांनी तुझ्या दोन्ही शेळ्या विकायच्या असं जाहीर केलं. धार काढणारीचाच हात गेला, आता कुणासाठी ठेवायच्या, असं त्यांचं म्हणणं. ताईनेही लगेच तुझ्यासाठी तिकडची मागची खोली रंगवायला काढली. मला हे सहन झालं नाही. शेळ्या गेल्या की तू परत येणार नाहीस, एवढं मला कळतं (कॉलेज अर्धवट सोडलं म्हणजे अक्कलही तिथेच ठेवून आलो असं नव्हे). मी जेवणावरून उठलो, ताट आपटलं आणि शपथ घेतली: एका हाताने चालणारं यंत्र आणीन, पंधरा दिवसांत कारभारीण आणि भित्री पूर्वीइतकंच दूध देतील, नाहीतर मी स्वतः त्यांना बाजारात नेईन आणि कॉलेजात परत जाऊन त्या सरांची माफीही मागेन. (माफीचं कलम आईने मागाहून घुसवलं.) बाबा म्हणाले, "आधी ताट उचल."

यंत्र जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळालं. म्हटलं तर यंत्र, म्हटलं तर खेळणं: एक काचेची बाटली, तिच्या झाकणातून निघालेली रबरी नळी, नळीच्या टोकांना सडांवर बसवायचे दोन पेले, आणि सायकलच्या ब्रेकसारखी दाबायची एक मूठ. मूठ दाबली की बाटलीतली हवा ओढली जाते, आणि किती ओढली ते बारीक काटा दाखवतो. विजेची गरज नाही, उचलून कुठेही न्यावं. सोबत घडीची लाकडी चौकी घेतली, शेळी उभी करायला. त्या दुकानात दुकानदाराची मुलगी बसते. तिच्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही, कारण हे पत्र शेळ्यांबद्दल आहे. फक्त एवढंच, की ती पेन कानामागे खोचते आणि मग तेच पेन टेबलभर शोधते, आणि ते सांगावं की सांगू नये या विचारात माझे तीन दिवस गेले.

यंत्र घरी आलं त्या दिवशी कारभारणीला चौकीवर चढवलं, पुढ्यात दाणे ठेवले, पेले लावले आणि मूठ दाबली. दूध आलं चमचाभर. लाथ आली भरपूर. भित्रीने तर लाथही मारली नाही, नुसती थरथरत उभी राहिली, आणि ते लाथेपेक्षा वाईट होतं. मी यंत्र उचललं, तडक दुकानात गेलो आणि असला माल लोकांच्या गळ्यात मारता का, असं (दुर्दैवाने मोठ्याने) विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "यंत्राला काही झालेलं नाही. पान्हा आल्याशिवाय लावलंत ना? पान्हा येऊ द्या, मग लावा."

आता आत्या, तू न्यायाने सांग. दीड वर्ष माणूस यंत्रांचं शिकलेला. समोर यंत्र. कानात तिचा आवाज. अशा स्थितीत मी जर "पाना" असं ऐकलं, तर त्यात माझा दोष किती? मला वाटलं, यंत्राबरोबर यायचा पाना यायचा राहिला आहे. मी चार दिवस पान्याची वाट पाहिली. चारही दिवस आईने हाताने जमेल तेवढी धार काढली, आणि दीड लिटरचं दूध पाव लिटरवर आलं. पाचव्या दिवशी मी स्वतः जाऊन दहा नंबरचा पाना आणला, यंत्राचा प्रत्येक नट आवळला, आणि दुकानात गेलो. तिने विचारलं, "आला का पान्हा?" मी खिशातून काढून टेबलावर ठेवला.

ती हसली नाही. हसली असती तर मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं. तिने पाना हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, परत माझ्यापुढे सरकवला, आणि मान खाली घालून म्हणाली की शेळीचं दूध कासेतून सडात उतरतं, त्याला पान्हा म्हणतात. तो फुटायच्या आधी यंत्र ओढलं तर जनावराला दुखतं. कोमट फडक्याने कास पुसायची, हलकं चोळायचं, पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून गुठळी नाही ना ते पाहायचं, आणि मगच यंत्र. शेवटी तिने विचारलं, "आत्याबाई धार काढताना काय करायच्या? शेळीला जी सवय, तिच्यावरच पान्हा." मला ते माहीत नव्हतं. वीस वर्षं ज्या घरात राहिलो तिथलं हे मला माहीत नव्हतं, याचं वाईट वाटत घरी आलो.

आईला विचारलं. आई भांडी विसळत म्हणाली, "काय करायची म्हणजे? तुझ्या बाबांच्या नावाने खडे फोडायची. एक दिवस चुकली नाही."

तेव्हा आत्या, तुझी क्षमा मागून सांगतो, मी तेच केलं. कोमट फडका घेतला, कपाळ कारभारणीच्या कुशीला टेकवलं (तू टेकवायचीस तसं, हेही आईनेच सांगितलं) आणि सुरुवात केली. बाबांनी मला सायकल घेऊन दिली नाही ते. कॉलेज मी निवडलं नव्हतं ते. सरांनी सगळ्या वर्गासमोर मला ढ म्हटलं, आणि बाबांनी मला काही न विचारता सरांचीच बाजू घेतली ते. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. कारभारणीचं रवंथ थांबलं, कान मागे आले, आणि माझ्या हाताखाली कास भरत गेली. पेले लावले. काटा जागेवर, आणि बाटलीत धार. मूठ दाबताना डोळे पुसायला एक हात मोकळा राहतो, ही या यंत्रातली सर्वांत मोठी सोय.

आज तेरावा दिवस. सव्वा लिटर झालं आहे. शपथेला दोन दिवस उरलेत.

तुझा लाडका (आणि सध्या एकुलता एक गवळी),
भाचा

ता. क. खरं कारण आता लिहितो. माझी गाऱ्हाणी संपली. जन्मभर पुरतील असा माझा समज होता, पाच दिवसांत आटली. काल नाइलाजाने दुकानातल्या तिच्याबद्दल बोललो, तर कारभारणीने तत्काळ पान्हा चोरला. तिला दुसऱ्याचं सुख ऐकवत नाही. तरी तुझ्याकडची बाबांबद्दलची जुनी गाऱ्हाणी, शक्यतो लहानपणापासूनची, उलट टपाली पाठव.

ता. क. दुसरा. "ती" येत्या रविवारी यंत्र पाहायला येते आहे. तिला मी नाही, तू भेटायला हवी आहेस. मी वाईट वाटून घेतलेलं नाही.

ताई, मी तुझा भाऊ लिहितोय. पोराने हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. पाच दिवस गोठ्याच्या भिंतीआड उभा राहून सगळं ऐकतोही आहे. सर त्याला वर्गासमोर ढ म्हणाले हे मला ठाऊक नव्हतं, पोराशी बोलेन. शेळ्यांसाठी पाहिलेल्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं. तुझी गाऱ्हाणी टपालाने पाठवू नकोस, पोरगा वाचून दाखवील आणि शेळीला उसनं लगेच कळतं. शनिवारी न्यायला येतो. सामान बांधून ठेव. वाटेत मला काय बोलायचं ते बोल, पण थोडं घरासाठी राखून ठेव.