टाळूचं तेल

२ एप्रिल, बुधवार

पोचले एकदाची! डोणगावहून सकाळी सहाची एसटी, मेहकरला उतरा, खामगावला उतरा, आणि दीडच्या रणरणत्या उन्हात जळगाव जामोद. स्टँडवर जावई स्वतः गाडी घेऊन उभे होते. प्रसेनजित बोलायला मऊ माणूस. माझी जड बॅग त्यांनी पुढ्यात घेतली आणि खड्डे चुकवत, गाडी अगदी हळू चालवत घरी आणलं.

एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना बजावलं, रोज चार ओळी लिहा रे. आता निवृत्त जनकाबाईंनी स्वतः नवी वही काढली आहे. समतेची बाळंतपणाची रजा संपली. ती दवाखान्यात नर्स, ड्युटी सकाळी आठ ते दोन. जावयांचा संगणक क्लास दहापासून. म्हणून चार महिन्यांच्या महामायेला सांभाळायला आजी हजर. नाव मोठं पडतं, म्हणून आम्ही तिला माया म्हणतो. काय ते गाल! पाहिले आणि प्रवासाचा शीण गेला.

घर भाड्याचं पण नवं आहे. गच्चीवरून सातपुडा दिसतो. आणि घरात चार फेरेट आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चपलांच्या रॅकमधून एक लांबुळकं, आखूड पायांचं जनावर निघालं, तशी मी मुंगूस मुंगूस म्हणत साठाव्या वर्षी खुर्चीवर चढले. जावई पोट धरून हसले. त्यांनी ती नागपूरहून आणलीत, त्यांचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकतात. नावं लाडू, पेढा, बर्फी आणि शेव. शेव सगळ्यांत बारीक. दिवसातले सोळा-सतरा तास झोपतात, ऊन सोसत नाही, म्हणून मागच्या खोलीत त्यांना स्वतंत्र कूलर. सासूला मात्र पंखा! असं मी म्हटलं तर समता म्हणाली, आल्या आल्या सुरू झाली का तू.

५ एप्रिल, शनिवार

दिनक्रम बसला. समता पावणेआठला जाते. जावई दहाला फेरेटांना उकडलेलं चिकन देऊन खोलीला बाहेरून कडी लावतात आणि निघतात. मग मी मायाला अंघोळ घालते आणि तिला मधल्या खोलीतल्या झोळीत टाकते. अकराला तिच्या शेजारी चटईवर माझाही डोळा लागतो. अडीचला समता येते.

एका गोष्टीवरून मात्र आज ठिणगी उडाली. मी डोणगावच्या घाणीवरचं तिळाचं तेल आणलं आहे. समता म्हणाली, टाळूत तेल भरायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. अगं, तुझी टाळू मी वर्षभर भरली, त्याच डोक्यानं तू नर्स झालीस! पण नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतला. पुन्हा असं काही केलंस तर डोणगावला परत पाठवीन, असंही हसत हसत म्हणाली. हसत म्हणाली, पण मला लागलं.

मी शब्द दिला. आणि आज ती गेल्यावर टाळू भरली. लेकराचं डोकं ते. उन्हाळ्यात कोरडं कसं ठेवायचं?

९ एप्रिल, बुधवार

मायाची टाळू काय तेल पिते! साडेदहाला तळवाभर जिरवावं, तर बारापर्यंत कोरडी ठाक. माझं चांगलंच झालं, समतेला अडीचला काही कळत नाही. तिकडे जाऊन सांगावंसं वाटतं त्या डॉक्टरांना, बघा, लेकराला किती गरज होती.

आज तेल वाढवलं.

आणखी एक मजा. माया झोपेत हसते. अर्धवट झोपेत मला ऐकू येतं, गुदगुल्या केल्यासारखं खुदुखुदु. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, सटवाई हसवते. आपण असलं मानत नाही, पण आवाज फार गोड.

११ एप्रिल, शुक्रवार

मायाचं एक टोपडं आणि दोन मोजे सापडत नाहीत. वाळत घातलेले उडाले असतील.

दुपारी तिला उचललं तर टाळूवरचं जावळ ओलसर, बटा बटा झालेलं. घाम असावा. पण वास घामाचा नव्हता. काहीतरी उग्र, जनावराच्या अंगाचा. मी धुऊन काढलं.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती, घरी पाहुणे येणार, पोरंटोरं येणार, म्हणून जावई सकाळी फेरेटांची नखं कापायला बसले. मी भाकरी थापत दारातून पाहत होते. त्यांनी लाडूला मांडीवर उताणं घेतलं, बोटानं त्याच्या पोटावर तेलाचा थेंब सोडला. लाडू वाकून ते चाटायला लागला. चाटतोय, चाटतोय. जावयांनी चारही पंजांची नखं कापली, त्याला पत्ता नाही.

मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "तेलाचा वास आला की यांना दुसरं काही सुचत नाही, आई. संपलं तरी चाटत राहतात. कातडीत मुरलेलं असतं ना, मग हळूच दात लावून पाहतात."

माझी भाकरी तव्यावर जळली. समता ओरडली, लक्ष कुठंय तुझं?

कुठं असणार.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. काय सांगू, तुला दिलेला शब्द आठ दिवस मोडत होते? परत पाठवील ती मला. माया हातातून जाईल. उद्यापासून तेल बंद, म्हणजे विषय संपला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. घर भरलेलं. दिवसभर मायाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. समता म्हणाली, तिला जरा लोकांच्या हातात तर दे. मी दिली नाही. तेल नाही भरलं. माणसांच्या गर्दीत सांगायची सोयही नव्हती.

खरं तर स्वयंपाकघरात दोनदा एकटी सापडली होती ती मला.

१५ एप्रिल, मंगळवार

आज झोपेचं सोंग घेतलं. मागच्या खोलीची कडी मी स्वतः पाहिली होती, लावलेली होती. अकराला न्हाणीघराच्या दाराखालून शेव आली. दाराखालची ती फट तीन बोटांची असेल, तिच्यातून पाण्यासारखी आली. मग झोळीच्या लोंबत्या पदराला धरून वर. मी उठेपर्यंत तिचं तोंड मायाच्या डोक्यात होतं. माया हसत होती.

मी किंचाळले. शेव पळाली नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताचा वास घेतला आणि मग निवांत खाली उतरली.

टाळूवर दोन बारीक लाल टिपके. तिथंच, जिथं खाली हाड नाही, जिथं लेकराचा जीव उडताना दिसतो.

समतेनं विचारलं. मी म्हटलं, घामोळ्या.

१६ एप्रिल, बुधवार

वाट सापडली. त्यांच्या कूलरचं पाणी जायला भिंतीतून न्हाणीघरात भोक पाडलंय, तिथून येतात. चिंध्या कोंबल्या, वर वीट ठेवली. रात्री जावयांना आडून विचारलं, ही बाहेर तर येत नाहीत ना? ते म्हणाले, कडी असते, कशी येतील? समता म्हणाली, "आई, तू इतकी काऊन भेतं वं त्याईले?"

हीच वेळ होती. मी म्हटलं, सहज विचारलं.

निजण्याआधी न्हाणीघरात पाहिलं, तर वीट आडवी होती. चिंध्या आत ओढून नेलेल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

तेल नाही म्हणून दात लावतात. मग तेल द्यावं, पण दुसरीकडे. न्हाणीच्या दाराशी बशीत तेल ठेवलं. चौघं आली. बशी चाटून पुसून काढली. फरशी चाटली. मग रांगेनं बसून राहिली, माझ्याकडे पाहत.

बशी चार वेळा भरली. माया झोळीत सुखरूप. पण मला तिथून दोन मिनिटंही उठता येईना.

हे रोज कसं चालायचं? उद्या समता आली की पायावर डोकं ठेवून सगळं सांगणार. पाठवू दे डोणगावला. मायाचं डोकं माझ्या अब्रूपेक्षा मोठं आहे, हे कळायला मला इतके दिवस लागले, याची लाज वाटते.

१८ एप्रिल, शुक्रवार

११.४०. पडले.

तेलाची बाटली नालीत ओतून टाकायला निघाले होते. त्यांनी चाटलेल्या फरशीवर पाय सरकला. खुब्यात काहीतरी तुटलं. उठता येत नाही. मोबाइल ओट्यावर चार्जिंगला. आरडून पाहिलं, घराघरात कूलर घरघरतायत, बाहेर चिटपाखरू नाही. वही चटईवर होती, ती ओढून घेतली.

समते, हे तुझ्यासाठी. आल्या आल्या आधी मायाची टाळू पाहा. लाल असेल तर तशीच दवाखान्यात ने, मला नंतर. मी रोज तेल भरत होते. डॉक्टरांचं बरोबर होतं. घामोळ्या नव्हत्या. माझं खोटं होतं. माझं.

११.५५. आली. चारही. सांडलेलं तेल चाटून राह्यली.

१२.१०. फरशी कोरडी झाली. आता वर पाहून राह्यली, झोळीकडे.

बाटलीत अर्धं आहे. माझ्या डोक्यावर ओतलं. केसांत, कपाळावर, मानेवर. या म्हटलं. आली.

१२.३०. जिभा खरखरीत. दुखत नाही अजून. हलत नाही मी. हललं तर जातील. अडीच वाजायचेत. माय वं, दोन तास.

१२.५० — तेल संपलं. डोक्यावरचंही. दात —
सोसते. सोसलं पाहिजे. इथंच राहा रे. इथंच.

१ — डाव्या डोळ्यात रक्त येतं, दिसत नाही नीट. लाडू कानाशी. पेढा. बर्फी मानेखाली. तीन. हातानं चाचपून पाहिलं, तीनच —

झोळीचा पदर हलून राह्यला.

शेव, इकडं ये. ये बाई. इकडं लय तेल आहे, हे पाय, माझ्या केसात, अजून मुरलेलं आहे, चाव, काही म्हणत नाही मी तुले, ती लहान आहे वं, तिच्यात काहीच नाही, मी भरलंच नाही तिले चार दिवसापासून, ये, माझ्याकडे ये, माझ्या