भोक नसलेली पानं

सोमवार, दिवाळी झाल्यावर

मी उगाच घाबरतो म्हणे! फोनवर परत तेच. आईला किती सांगितलं, ती सुकवलेली माठाची भाजी चिंगीला देऊ नको. ऐकेल तर शपथ.

दिवाळीत आई इथे आली, तेव्हा बॅटरी फोडायच्या शेडमागे तिला माठ दिसला. हिरवागार, पानाला एक भोक नाही. ओटीभर खुडून गावी पोशेऱ्याला नेला. आज फोरमन म्हणाला, "वो मत खाना. जमीन का सीसा पी जाता है, फिर भी मरता नहीं." म्हणजे बॅटऱ्यांतलं जमिनीत मुरलेलं विषारी शिसं. तेव्हापासून आईला फोन लावतोय.

आई म्हणते, "किडकं एक पान नव्हतं रे! पोर आवडीनं खाते."

माझी चिंगी दोन वर्षांची. किती खाल्लं असेल तिनं?

अळी तोंड लावत नाही ते पान खाऊ नये, हे मला लहानपणी कोणी शिकवलं? आईनंच ना? मग एक भोक नाही बघून तिला भीती कशी नाही वाटली? आणि मला?

अन्न फुकट टाकणार नाही म्हणते. शेवटी म्हणालो, मग ती भाजी मला विकत दे. पुरू नको, त्यावर परत काही उगवेल. बांधून ठेव, मी येऊन नेतो. चिंगीला उद्याच जव्हारला डॉक्टरकडे ने.

दोन हजार पाठवतोय.