बेलापूरची अंबिका

बेलापूर, मे १९७३

ती. बाबांस,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही सोनईहून मिळेल त्या एसटीनं याल आणि मलाच चार गोष्टी समजावून सांगाल.

मासिकात जपानी पद्धतीच्या तीन ओळींच्या कवितेवर, हायकूवर, लेख आला होता. तेव्हापासून मीही लिहिते. एक पाठवली, ती छापून आली. काल चहा घेताना ह्यांनी ती मोठ्यानं वाचली:

कोरडी विहीर
रहाट वाऱ्यानं फिरतो
चिमणी उडते

"छान आहे! आपल्या बेलापूरची ही अंबिका कोण गं?"

लग्नात ह्यांनीच तांदळात अंगठीनं 'नीलांबरी' लिहिलं होतं. माझं आधीचं नाव ते साफ विसरले होते.

"मीच," मी म्हणाले.

ते मासिक मिटत म्हणाले, "पुढच्या वेळी नीलांबरी लाव. लोकांना कळायला नको, कोणाची कोण?"

मी मान हलवली. तेव्हापासून कशात मन लागत नाही, सकाळी दूधही उतू गेलं. दुपारी आणखी काही हायकू मासिकाला पाठवून आले. खाली नाव मात्र लिहिलं ते तुम्ही ठेवलेलंच.

तुमची,
अंबिका