सातवी सीडी

११ जानेवारी २००४, रविवार

'साजणा रिलोडेड' ऐकली. आठ गाणी, आठांतही तोच ढोल! जुन्या चालीची भावगीतं पकडायची, त्यांच्या मानगुटीवर ढोल बसवायचा, आणि मध्येच एक मुलगी इंग्रजीत उसासे टाकते. अगं बाई, भावगीतात उसासे असतातच. ते वेगळे टाकावे लागत नाहीत.

शैलेंद्र, आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, पुण्याहून अमेरिकेत परत येताना नव्या सीडींची थप्पी घेऊन आला आणि घरी टाकून गेला. पाडव्याच्या अंकात माझं 'नवे सूर' सदर जायचंय. मी कागदावर लिहितो, वसुधा कॉम्प्युटरवर टाईप करते. ऐकतो मात्र गाडीत. श्रूजबरीहून ऑफिसला जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. घरात मिक्सर, फोन, टीव्ही. घरात गाणं ऐकणं होत नाही.

१३ जानेवारी

'ट्रान्स तराणा'. अर्ध्या वाटेत बंद केली. उरलेला रस्ता वायपर ऐकत आलो. ते तरी लयीत होते.

१८ जानेवारी, रविवार

निमिषची सुट्टी संपली, कॉलेजला परत गेला. महिनाभर पोरगा आईच्या मागे मागे. जाताना माझ्या हातावर एक रॅपची सीडी ठेवली. "बाबा, यू हेट एव्हरीथिंग. जस्ट ट्राय धिस." ऐकली. शिव्या फार. पण गाणारा शब्द तालात टाकतो, एक मात्रा सांडत नाही. त्याचाच राग आला. आमच्या तराणेवाल्यांना हे का जमू नये?

वसुधा परत तेच म्हणाली, "अहो, बेसमेंटमधल्या स्मोक अलार्मची बॅटरी गेलीय. दिवसभर ओरडतोय. माझा हात पोचत नाही." शनिवारी बघतो म्हटलं. मी कुठे जातोय खाली? वॉशर, ड्रायर — ते तिचं खातं.

२५ जानेवारी, रविवार

डॉ. गुरुदत्त यांच्या गझला. वॉर्स्टरचे मोठे हार्टवाले डॉक्टर, मंडळाचे सर्वांत मोठे देणगीदार. मुंबईत स्टुडिओ घेऊन हौसेने सीडी काढलीय. मी लिहिलं — 'डॉक्टरांनी सुराला भूल उत्तम दिली आहे. तो अजून शुद्धीवर आलेला नाही.' वसुधा टाईप करता करता थांबली. "एवढं लिहायलाच हवं का?" हवं!

संध्याकाळी शैलेंद्रचा फोन. दुपारी दोघांना फोनवर वाचून दाखवलं होतं, कुणीतरी त्याच्या कानावर घातलंच. "काका, प्लीज यार, थोडं पॉझिटिव्ह लिहा ना. कमिटी कॉलम ड्रॉप करायचं म्हणतेय." करा ड्रॉप. खोटं लिहिण्यापेक्षा ते परवडलं.

मी आजवर कुणाला सोडलेलं नाही. वसुधाला बघायला गेलो होतो तेव्हाही नाही. पोहे झाल्यावर तिच्या मामांनी तिला गायला बसवलं. गाणं संपलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मुलगा गाण्यातला जाणकार! मी म्हणालो, "घरात गुणगुणायला ठीक आहे." सगळे हसले. तीही हसली असावी. वाटलं ते बोललो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं मॅसॅच्युसेट्स फुटबॉलपुढे आणि मी कीबोर्डवरच्या आरत्यांपुढे. गणपतीला लिफ्टमधल्या म्युझिकमध्ये अडकवून ठेवलंय.

४ फेब्रुवारी

थप्पीच्या तळाशी एक सीडी निघाली. कव्हर नाही, यादी नाही, वर मार्करने केलेली साधी खूणसुद्धा नाही. कुणीतरी घरच्या घरी कॉपी मारलेली.

बाईचा आवाज. साथीला फक्त इलेक्ट्रॉनिक तानपुरा. एक दादरा, दोन भावगीतं, एक जात्यावरची ओवी. आवाज कोवळा नाही, मध्येच थोडा भरून येतो, पण समेवर यायची कसली म्हणून घाई नाही. कुणाला काही दाखवायचं नाही. ओवीला डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद करून वीस मिनिटं बसून राहिलो. बाहेर उणे दहा. मीटिंग चुकली.

रेकॉर्डिंग मात्र भिकार! मागे दर मिनिटाला काहीतरी 'टीं' करतं. तिच्या पंचमाच्या जरा वर, चढेल. ओवीची वाट लावली त्याने. आणि नाव? एवढं गाणाऱ्या बाईचं नाव लिहायची अक्कल नाही कुणाला? आठ-आठ ढोल बडवणाऱ्यांचे फोटो कव्हरवर, आणि हिचं नावसुद्धा नाही. संतापाने दिवसभर काम सुचलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

चार ठिकाणी फोन केले. कुणालाच माहीत नाही. जेवताना वसुधाला विचारलं, तुमच्या भिशीत कुणी गातं का असं? ती मेथी निवडत होती. "असेल कुणीतरी." वर न बघता म्हणाली. हिला गाण्याचं काही पडलेलंच नाही! मी चिडून पानावरून उठलो.

लेख मात्र तिच्यावरच लिहिला, सबंध. बाकीच्यांना एकेक ओळ. 'गेल्या वीस वर्षांत असं गाणं ऐकलं नाही. ज्यांनी ही बाई आजवर लोकांपासून लपवून ठेवली, त्यांना शिक्षा व्हायला हवी.'

१२ फेब्रुवारी

शैलेंद्रला झापायला फोन केला. तोच बुचकळ्यात. "काका, मी मोजून सहा सीडी दिल्या होत्या. ही सातवी माझी नाही."

मग आली कुठून? घरात काय सीडी उगवतात?

१५ फेब्रुवारी, रविवार

वसुधा इंडियन ग्रोसरीच्या दुकानात गेली होती. म्हटलं एकदाची ती बॅटरी बदलून टाकू. शिडी घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो. दिवा लावला.

टीं.

तिच्या पंचमाच्या जरा वर. चढेल.

शिडी धरून उभा राहिलो. मिनिटाने परत टीं. ड्रायरच्या वरच्या फळीवर, साबणाच्या डब्यामागे, टॉवेलमध्ये गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. शेजारी निमिषचा माइक. मी खाली कपड्यांच्या ढिगावर बसलो. बावीस वर्षं एका घरात. बॅटरीची टीं ओळखली मी. आवाज ओळखला नाही.

एवढी लाज कधी वाटली नव्हती.

बॅटरी बदलली. वसुधा आली, पिशव्या ठेवता ठेवता म्हणाली, "बदललीत वाटतं. बरं झालं." लेख तसाच ठेवला, फक्त वर एक ओळ वाढवली — 'गायिका:' आणि पुढे जागा कोरी. कागद टाईप करायला तिच्या टेबलावर ठेवला.

१८ फेब्रुवारी

लेख टाईप होऊन आला. एक चूक नाही. 'गायिका:' च्या पुढे तिने लिहिलंय — 'घरात गुणगुणायला ठीक आहे.'

एक अक्षर न बदलता शैलेंद्रला पाठवला.