सुमतीचं वाण

सिल्वासा, संक्रांतीनंतरचा शुक्रवार, १९९१

सकाळी शेजारची नवी बाई दारात. जळगावकडची, नवरा कारखान्यात. "काका, काकूंना हळदीकुंकवाला पाठवा बरं का." मी खेकसलो, "ती गेली. आठ महिने झाले." आणि दार आपटलं. दिवसभर स्वतःचाच राग. तिला बिचारीला कुठून माहीत असणार?

संध्याकाळी परत आली. वाटलं, आता भांडणार. तर सरळ सुमतीच्या फोटोला हळदकुंकू लावलं, पुढे चहाची गाळणी ठेवली. "काकू सवाष्ण गेल्या ना? मग वाण त्यांचंच."

स्टीलची गाळणी. आमची मोडलेली, मी फडक्यातून गाळतो. सुमती, तुझं वाण मीच आधी वापरलं, रागावू नकोस. आठ महिन्यांत सगळे मला भेटायला आले. तुला बोलवायला ही एकटीच आली.