बिनकाचेची गाडी

॥ ॐ नमः शिवाय ॥

सास्तूर, ता. लोहारा
१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप रुद्रम्मा आत्या यांना,
शिवलीलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की सगळ्या गल्लीला बातमी कळते, म्हणून पत्रच बरं. वेळा अमावास्येची येळवस शेतात झकास झाली. भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, सगळं रीतीप्रमाणं केलं. पूजेची कडब्याची कोप यंदा मी आणि जाऊबाई गायत्रीअक्कांनी घातली. तुमच्या वाटणीची आंबिल अप्पांनी प्याली आणि तुमच्याच नावानं ढेकर दिली.

आता पुढचं ऐका. जेवणं झाली आणि ज्वारीवर पाखरं उतरली. तुमचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे सासरे महांतप्पा, धोतर खोचून उठले. हल्लीच्या पोरांना गोफण धरता येत नाही म्हणाले, आणि लागले गरागरा फिरवायला. दोरी सुटली भलत्याच वेळी. दगड पुढं जायच्या ऐवजी मागं आला तो थेट माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर. ठण्णकन आवाज झाला, सगळे गाडीकडं धावले. अप्पा मात्र मागं न बघताच पाखरं उडाली का म्हणून विचारत होते.

काच पडली नाही. डाव्या बाजूला रुपयाएवढा टवका उडालाय आणि त्याला केसाएवढ्या दोन रेघा फुटल्यात. उमरग्याच्या काचवाल्याला दाखवली. तो म्हणाला, एवढ्याशाला नवी काच कशाला, केमिकल भरून देतो, टिकेल. रेघ काठापर्यंत पळाली तर मात्र बदलण्यावाचून इलाज नाही.

गोष्ट एवढीच असती तर मी तुम्हाला लिहिलंही नसतं. पण थोरल्या उमाशंकर भाऊजींनी घरात वेगळंच काढलंय. सणाच्या दिवशी काच फुटली, हा इशारा आहे म्हणे. नवी काच ते स्वतः आणणार, बसवून देणार, आणि त्यानंतर गाडी त्यांचा उत्कर्ष चालवणार. का, तर घरच्या सुनेनं रोज गाडी हाकत गावातून जाणं बरं दिसत नाही. आत्या, दोन वर्षं बरं दिसत होतं, आणि एक दगड लागल्यावर दिसेनासं झालं होय? गाडी माझ्या नावावर आहे. आम्ही दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलीय.

आणि रोज माझ्या गाडीतून कॉलेजला जाणाऱ्या त्या चार पोरी? सकाळची एसटी बंद झाली तेव्हा लोहाऱ्याचं कॉलेज सोडायची पाळी आली होती त्यांच्यावर. बाईमाणूस चालवतंय म्हणून त्यांचे आईबाप पाठवतात. त्यात भाऊजींची शिवप्रियाही आहे. उत्कर्ष पुढं बसला तर दोघींचं तरी बारावीचं वर्ष घरातच जाईल. त्यानं परवाच मोबाईल बघत बघत मोटरसायकल गुरांच्या हौदावर घातली, हे वेगळं.

तुमच्या भाच्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, हैदराबादला फोन केला. बेकरीतल्या गडबडीत ते एवढंच म्हणाले की दादाशी वाकडं नको घेऊस. मी वाकडं घेत नाहीये, मी सरळच चाललेय. काच दुरुस्त करून घेणार आणि स्टेरिंग सोडणार नाही. तुम्हाला पटलं तर पाठीवर हात ठेवा, नाही पटलं तर कान धरा.

तुमचीच,
शिवलीला

*

तामलवाडी
७ जानेवारी

चि. सौ. शिवलीला हिस,
रुद्रम्माचे अ. उ. आ.

पत्र पावलं. वाचून इतकी हसले की चष्मा पदरात पडला. अगं, महांतू ल्हानपणी चिंचा पाडायला दगड मारायचा आन तो शेजारच्या चुलीवर जाऊन पडायचा. आईनं दोनदा कालवण फेकून दिलंय त्याच्यापायी. ऐंशीला आला तरी न्येम काही सुधारला न्हाय. त्याला म्हणावं, गोफण खुंटीला टांग आन जपमाळ वढ.

आता तुझं. म्या अठरा वर्साची असताना बैलगाडी हाकत उमरग्याच्या बाजाराला गेले, तवा पारावरची समदी माणसं उठून हुबी ऱ्हायली. म्हणलं बघू द्या, डोळं त्यांचंच दुखतील. कासरा बाईच्या हातात हाय का बाप्याच्या, हे बैलांनी कंदी इचारलं न्हाय. तुझ्या मोटारीला बी त्याचं काय पडलं न्हाय. उमाशंकरला मातूर लई पडलंय. इशारा बिशारा काय न्हाय ग, पोरगं रिकामं बसलंय, त्याला काम पायजे, एवढाच इशारा.

काच भरून घे. पर येक सांगते ते ध्यानात ठेव. तू दुसऱ्याच्या लेकी घेऊन जातीस. रेघ वाढली तर त्याच काचंवर आडून बसू नको, बदलून टाक. हट स्टेरिंगचा कर, काचंचा करू नको. माझा हात तुझ्या पाठीवर हाय, आन कान बी माझ्याच हातात हाय.

थंडी लई हाय. महांतूला कानटोपी घालाय सांग.

तुझी आत्या,
रुद्रम्मा

*

सास्तूर
१५ जानेवारी

ती. आत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचे तिळगूळ सोबत पाठवलेत. गोड बोलायचं मात्र या वर्षी माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही.

काच भरून आणली होती. काचवाल्यानं काम इतकं सफाईनं केलं की टवका शोधावा लागायचा. आठवडाभर गाडी मस्त चालली, भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. अप्पांच्या मनाला मात्र चैन नव्हतं. आपल्या हातून सुनेची काच फुटली म्हणून ते रोज गाडीभोवती चकरा मारायचे, फडक्यानं पुसायचे. काल संक्रांत. पहाटे उठून त्यांनी गाडीला आंघोळ घालायची ठरवली. देवाला घालतो तशी गाडीलाही ऊन पाण्याची! बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं आणि दवानं गार पडलेल्या काचेवर ओतलं. आत्या, रेघ या काठापासून त्या काठापर्यंत सरसर पळाली. मी दारात रांगोळीचा डबा घेऊन उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत.

अप्पा बादली घेऊन तिथंच खाली बसले. मी रागवायला धावले होते, पण त्यांचा चेहरा बघून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही काच फोडायची ती मनापासून फोडलीत. तेव्हा कुठं हसले.

तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. काचेपायी अडून बसले नाही. कालच उमरग्याला जाऊन नवी सांगितली. या गाडीची काच सोलापूरहून यायची आहे, सत्तावीस तारखेला सोमवारी मिळेल. तोवर चालवू का म्हणून विचारलं. काच दोन पदरी असते, मधे पातळ पडदा असतो, त्यामुळं एकदम अंगावर येणार नाही, पण हळू चालवा, खड्डे टाळा, दारं आपटू नका, असं तो म्हणाला. पोरींच्या घरोघरी जाऊन हे मी स्वतः सांगून आले. एकानंही नको म्हटलं नाही.

भाऊजींनी मात्र लगेच डाव टाकला. त्यांच्या मित्राकडून त्यांनी काच आणूनही ठेवलीय, त्यांच्या पलंगामागं गोधडीत गुंडाळून. आज बसवू म्हणाले, फक्त किल्ली उत्कर्षच्या हातात द्यायची. मी सांगितलं, माझी काच येतेय, तुमची राहू द्या. जेवणाच्या ताटावरून उठून गेले. सोमवारी सत्तावीसलाच पोरींचं पहिलं प्रॅक्टिकल आहे. तेवढं नीट पार पडू दे, बाकीचं मी बघून घेते.

प्रकृतीला जपा. तुमच्या पत्राची वाट बघते.

शिवलीला

*

सास्तूर
२० जानेवारी

तीर्थस्वरूप आत्याबाई यांचे सेवेशी,
उमाशंकरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, घरात शिस्त राहिलेली नाही. आपण घरातल्या वडीलधाऱ्या, आपला शब्द शिवलीला मोडणार नाही, म्हणून आपल्या कानावर घालतो.

मी सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस. चार लोकांत बसतो, उठतो. लोक मला विचारतात की तुमच्या घरात गाडी चालवायला गडीमाणूस नाही का. यावर मी काय उत्तर द्यावे? उत्कर्ष घरात बसून आहे. गाडी त्याच्या हाती गेली तर त्याचेही बस्तान बसेल, शिवलीलाही घरात राहील आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. सर्वांच्या भल्याचे आहे. परंतु ऐकते कोण? तडकलेली काच घेऊन पोरींना नेते. उद्या काही बरेवाईट झाले तर गाव मलाच विचारेल.

यास्तव मी ठरवले आहे की शनिवारी मेकॅनिक बोलावून ती तडकलेली काच काढून घ्यावी. काच नसली की गाडी आपोआप जागेवर राहील. सोमवारी सकाळी किल्ली दिली की माझ्याकडची काच बसवतो, उत्कर्ष पोरींना परीक्षेला सोडेल. मी कोणावर जबरदस्ती करीत नाही. फक्त समज यावी एवढाच हेतू.

आपण तिला दोन शब्द लिहावेत. कृपादृष्टी आहेच, ती कमी होऊ नये.

आपला आज्ञाधारक,
उमाशंकर

*

तामलवाडी
२४ जानेवारी

चि. उमाशंकर यास,
आशीर्वाद. तो सवयीनं लिहिला, मनातून यायला येळ लागंल.

दोन शब्द लिही म्हणलास, घे. लाज धर.

आता वरचे. लोकं इचारत्यात म्हणं. तुझी पोरगी शिवप्रिया दोन वर्सं त्याच गाडीत बसून शिकली, तवा लोकांनी इचारलं न्हाय व्हय रं? का तवा तुझ्या कामाची गाडी हुती म्हणून तुला ऐकू येत नव्हतं? बहिरी म्या हाय, तू न्हाईस. उत्कर्षला काम पायजे तर त्याला शोधू दे. तरणाताठा गडी हाय. चुलतीच्या हातातलं काढून घेऊन त्याचं बस्तान बसंल, आन तिचं उठंल, त्याचं काय?

आन काच काढून घेणार म्हणं! अरं येड्या, काच गाडीला आसती, गाडी काचंला नसती. तू शिवलीलाला वळखलाच न्हाईस. परीक्षेच्या तोंडावर असलं काय करशील तर तुझ्या सख्ख्या लेकीचं वरीस बुडंल, एवढं तरी डोस्क्यात घे. हे पत्र पोचायच्या आत काच काढली असलीस तर परत बसव आन गप ऱ्हा.

गायत्रीला माझा आशीर्वाद सांग, मनातून हाय.

रुद्रम्मा

*

सास्तूर
२८ जानेवारी

ती. आत्यांना,
शिवलीलाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊजींना तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं, कुणाला दाखवलं नाही. पण तुम्ही जे काही लिहिलं असेल, ते कामी यायच्या आधी काल सकाळीच सगळं होऊन गेलं.

शनिवारी मी बाजाराला गेले होते. परत आले तर गाडीला काच नाही. समोर नुसतं भोक. अंगाची आग आग झाली. किल्ली दे, आत्ता बसवतो, असं भाऊजी ओसरीवरूनच म्हणाले. मी किल्ली ब्लाउजमध्ये खोचली आणि स्वयंपाकाला लागले. रविवारी हैदराबादहून फोन आला. मिटव म्हणाले. आधीही वाकडं घेऊ नको म्हणाले होते. मी म्हटलं, तुम्ही तुमची भट्टी बघा.

सोमवारी अंधार फाकायच्या आत चौघींपैकी तिघी दारात. गाडी बघून एकीला रडूच फुटलं. मी त्यांना सरळ सांगितलं, काच नाही, वारा लागेल, डोळ्यात धूळ जाईल. पण तडकलेल्या काचेपेक्षा रस्ता नीट दिसेल आणि मी सायकलीच्या चालीनं नेईन. घरी विचारून या. तिघीही गेल्या आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून, डोळ्यांवर चष्मे लावून परत आल्या. एकीची आई स्वतः सोडायला आली आणि गाडीत घोंगडं टाकून गेली. शिवप्रिया काही आली नव्हती.

गाडी चालू केली तर भाऊजी समोर येऊन उभे. दोन्ही हात पसरून. पारावरची माणसं उठून बघायला लागली. घरची अब्रू रस्त्यावर आणलीस, गाडी इथून हलली तर माझ्याशी गाठ आहे, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आत्या, एरवी काचेआड बसून मी मान खाली घातली असती. काल मधे काही नव्हतंच. मी त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाले, भाऊजी, काच तुम्हीच काढलीत, म्हणून तुमचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. आता माझं ऐका. पोरींची परीक्षा आहे, मला पोचायचंय, बाजूला व्हा.

ते हलले नाहीत. मी हॉर्न दाबून धरला. तेवढ्यात मागून शिवप्रिया आली. बापाचा लोकरी मफलर डोक्याला गुंडाळलेला, छातीशी प्रॅक्टिकलची वही. ती भाऊजींच्या शेजारून गेली, माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि पुढं बसली. बापाला एवढंच म्हणाली की बाबा, मला उशीर होतोय. आणि तिनं दार ओढून घेतलं.

आणि मग अप्पा. काठी टेकत आले, भाऊजींच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, काच मी फोडली, तू काढलीस, आपण बापलेकांनी पुष्कळ केलं, आता रस्त्यातनं बाजूला होऊ. भाऊजींना त्यांनी पोरासारखं ओढून कडेला नेलं. मी गिअर टाकला. गायत्रीअक्का दारात उभ्या होत्या. आत्या, त्यांनी डोक्यावरचा पदर खाली पडू दिला आणि भर गल्लीत हात वर करून आम्हाला टाटा केला.

थंडीनं बोटं बधिर झाली, तोंडात दोन चिलटं गेली, पण वेळेच्या आधी पोचलो. लोहाऱ्यात सगळं गाव बघत होतं. बघू दे म्हटलं. प्रॅक्टिकल आटोपून पोरी बाहेर आल्यावर तसेच उमरग्याला गेलो आणि माझी काच बसवून घेतली. संध्याकाळी काचेचा गोंद सुकेपर्यंत चौघी तिथंच भजी खात बसल्या, घरी जायची कुणालाच घाई नव्हती.

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची काच अजून पलंगामागं गोधडीत आहे. आज त्यांनी हैदराबादला निरोप धाडला की शिवलीलानं चार लोकांसमोर अपमान केला, तिनं माफी मागावी. तुमच्या भाच्यानं या वेळी मिटव म्हटलं नाही. गाडी नीट चालव एवढंच म्हणाले. माफी मी मागणार नाही. मोठे आहेत, पाया पडेन, ताट वाढेन, पण चुकले म्हणणार नाही, कारण मी चुकले नाही.

परवा दुसरं प्रॅक्टिकल आहे. गाडी रोजच्या वेळेला निघेल. ज्याला कुणाला अडवायचं असेल त्यानं माझ्या आधी उठावं.

माया आहे तशीच राहू द्या, आणि कान धरायचा असला तर आता गाडीनं घ्यायला येते, इथं येऊन धरा.

तुमची,
शिवलीला