पडघ्याच्या बाजारातली हाक

आत्या,

तू गेल्यावर पडघ्याच्या बाजारात उभं राहून कुणी बारशाचं नाव ओरडल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. या वर्षी ते काम मी केलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात चांगले बूट, आणि भेंडीवालीच्या शेजारी उभा राहून एका मुलीच्या नावाने बोंब. तू असतीस तर हसून हसून तुझ्या भाजीच्या पाटीवर बसली असतीस.

मला नात झाली, आत्या. मुलाची मुलगी. रंग सुनेचा, नाक आपलं, आणि रडणं थेट तुझं; म्हणजे एकदा सुरू झालं की शेजारच्या तीन घरांना कळलं पाहिजे. पोरगी घरी आली त्या दिवसापासून घरात एकच विषय, नाव काय. आपल्या वेळी तू एकटीने ठरवायचीस आणि बाकीचे घुगऱ्या खायचे. आता तसं नाही. सून बालवाडीत शिकवते. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "पप्पा, माझ्या वर्गात तीन स्वरा आहेत. एक मोठी स्वरा, एक छोटी स्वरा, आणि तिसरीला आम्ही डबावाली स्वरा म्हणतो, कारण ती डबा विसरते. आरव तर विचारूच नका. माझ्या मुलीला अशी शेपटी लागायला नको. नाव असं हवं की हाक मारली तर एकटी तिनेच वळलं पाहिजे." मुलगा मोबाईलवर नावं शोधत बसलेला. एकेक अर्थ वाचून दाखवायचा. कुणी आकाशातला पहिला किरण, कुणी देवीच्या कपाळावरचं तेज. मी म्हटलं, "अरे, अर्थ राहू दे, हाक मारून दाखव." त्याने मारली. मधेच जीभ अडकली. मी म्हटलं, "पोरगी रस्त्यावर धावत सुटली तर तू अर्ध्या नावापर्यंत येशील तोवर ती वडप्याला पोचलेली असेल."

शेवटी नाव आणलं माझ्या मुलीने. ती कल्याणला असते, औषधाच्या दुकानात कामाला. आली तीच कमरेला पदर खोचून. म्हणाली, "पाळण्यात वाकून कुर्र मी करणार, पाठीत बुक्के मी खाणार, तर नावही मीच ठेवणार. आत्या कोण आहे हिची?" आणि तिने ते नाव उच्चारलं. दोन अक्षरी. शेवट मोकळा. मी लूमच्या, यंत्रमागाच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस, माझी परीक्षा एकच: या टोकाला म्हटलं तर त्या टोकाला पोचतं का. कारखान्यात उभं राहून मनातल्या मनात म्हणून बघितलं. पोचत होतं. सुनेला आवडलं, मुलाला अर्थही सापडला. मग सून म्हणाली, "पण पप्पा, हे नाव आणखी कुणाचं नाही ना?" मी म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

कारण मला तुझी रीत माहीत होती. घरात पोर जन्मलं की बारशाच्या आधीच्या बाजाराला तू भाजीची पाटी उतरवायचीस, कमरेवर हात ठेवायचीस आणि मनात धरलेलं नाव खणखणीत आवाजात दोनदा ओरडायचीस. कुणाचं पोर वळलं, कुणाची आई 'काय गं' म्हणाली, की ते नाव बाद. कुणी वळलं नाही की पाटी उचलून आपल्या गावी दिघाशीला परत, आणि उंबऱ्यातूनच सांगायचीस, "कोरं हाय." लूमवरून उतरलेलं, पाणी न लागलेलं कापड कोरं असतं, तसं. बारशाआधी नाव फोडू नये म्हणतात. पण हाक मारली म्हणजे फोडलं न्हाय, हा तुझा स्वतःचा कायदा.

माझं नावही असंच बाजारात ओरडून तपासलेलं. एकही जण वळला नाही. तू खुशीत घरी आलीस. पण बाजाराला कान असतात, हे तुझ्या लक्षात आलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना ते नाव आवडलं. दिघाशीत ठेवलं, शेजारच्या पाड्यावर ठेवलं, आणि मी शाळेत गेलो तेव्हा वर्गात त्या नावाचे आम्ही पाच होतो. काळा, ढब्या, तोतरा, वरच्या आळीचा, आणि मी 'आत्याचा'. गुरुजी वैतागून म्हणायचे, या गावात दुसरं नाव संपलंय का?

तू दाराशी उभी राहून हाक मारायचीस तेव्हाची गंमत मला अजून दिसते. भाकरी तव्यावर, हात पिठाचा. तू एकदाच हाक मारतेस आणि पाच बाजूंनी पाचजण धावत येतात. तू कपाळाला पिठाचा हात लावतेस. "मेल्यांनो, मी एकाला बोलावला!" ढब्या म्हणतो, "मंग आम्ही जातो." तू म्हणतेस, "आता आलात तं बसा." आणि भाकरीचे तुकडे होतात, वर सुकटीची चटणी. माझ्या वाट्याची भाकरी कायम लहान. एके दिवशी मी भडकलो. म्हटलं, "आत्या, तू मला असलं नाव का ठेवलंस? माझं एकट्याचं न्हायच ते." तू पाठीत एक धपाटा घातलास, चांगला मोजून. "नाव काय झाकून ठेवायची चीज हाय? कोरं कापड आंगाला टोचतं रं. चार जणांच्या धुण्यात गेलं म्हंजी मऊ पडतं. तुझं नाव मऊ पडलंय, घाल मुकाट्यानं." मला तेव्हा पटलं नाही. भाकरी लहान ती लहानच.

भिवंडीला लूमवर सुताच्या कांड्या भरायला लागलो तेव्हाही तेच. मुकादमाने नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "इस नाम के तीन हैं मेरे पास. चौथा नहीं चलेगा." पण लूमच्या शेडमध्ये नाव लागतं कुणाला? सगळे लूम सुरू असले की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचायचं, लांबच्याला शीळ घालायची. माझा कान मात्र तुझ्यावर गेलेला. त्या खटाखट गोंगाटात एखाद्या लूमचा ताल जरा बिघडला की मी पाठमोरा असलो तरी बोट दाखवायचो, तो बघ, मागून दुसरा. आधी हसले, मग येऊन बघायला लागले, मग विचारायला लागले. त्या कानाने मला कांड्यांवरून लूमवर नेलं, लूमवरून दुरुस्तीला, आणि पुढे स्वतःच्या शेडपर्यंत. मुकादमाने मला 'कानवाला' म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. वडप्याला माझं गोडाऊन विचारलं आणि माझं खरं नाव घेतलं, तर लोक चार वेगळी गोडाऊनं दाखवतात. 'कानवाला शेठ' म्हटलं की बरोबर आणून सोडतात. म्हणजे बघ, मलाही शेपटीच लागली, आणि तिच्यावरच माझं पोट चाललं. हे मी सुनेला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, पप्पा, विषय बदलू नका.

तर बारशाच्या आधीच्या बाजाराला मी घरी कुणाला न सांगता पडघ्याला गेलो. तू बसायचीस ती जागा आता ओळखू येत नाही. तिथे मोबाईलच्या कव्हरांची गाडी लागते, बाजूला कांद्याबटाट्याचा टेम्पो. पण भाजीवाल्या बायका अजून बसतात. मी जरा घसा साफ केला, इकडेतिकडे बघितलं, आणि दोनदा हाक मारली. खणखणीत.

एकही पोरगी वळली नाही. वळली सगळी मोठी माणसं. भेंडीवाली म्हणाली, "काय ओ शेठ, नात हरवली काय?" मी म्हटलं, "न्हाय गं, न्हाय." पण माझा चेहरा बघून तिचा विश्वास बसेना. "अवो बोला, लाजताव कशाला? फराक कंच्या रंगाचा?" तोवर चार बायका गोळा. एक म्हणते आताच एक पोरगी एसटीकडे जाताना दिसली. दुसरी म्हणते ती माझीच होती. मी हात जोडून सांगतोय, "अहो, हरवली नाही, ती घरी पाळण्यात आहे," तर एक आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. मानूस असा बोलतोच." आणि तेवढ्यात टेम्पोवाल्याने, देव त्याचं भलं करो, 'कांदा घ्या, बटाटा घ्या' बंद करून भोंगा हातात घेतला. "सुनो सुनो, एक बच्ची गुम हो गयी है." आणि माझ्या नातीचं नाव. मग मराठीत परत. मग, कुणाला ऐकू गेलं नसेल तर, आणखी एकदा. नाशिककडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांनीसुद्धा ऐकलं असेल.

तू निदान तोंडाने ओरडली होतीस. मी भोंगा लावला.

मी टेम्पोवाल्याजवळ जाऊन सांगितलं, "भाऊ, मिल गयी, मिल गयी." त्याने तेही जाहीर केलं. लोकांनी समाधानाने मान हलवली आणि बाजार पुन्हा सुरू झाला. माझं काम तर झालं होतं. एवढ्या भोंग्यानेही त्या नावाची एक पोरगी निघाली नाही. अख्ख्या बाजारात कोरं. मी गाडीकडे निघालो, आणि तिथे माझ्या कानाने घात केला. गोंगाटात बिघडलेला ताल ऐकणारा कान तो. काकडीच्या ढिगाजवळ एक पोर उभी होती, वीसएक वर्षांची, दिवस भरत आलेले, एक हात पोटावर. ती हळूच, स्वतःशीच, ते नाव म्हणत होती. एकदा म्हणून बघितलं. मग जरा लाडात. मग जरा रागावून, आई हाक मारते तसं. शेजारी तिची सासू काकड्या निवडत होती, तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मी तिथेच थांबलो. धंद्यातला माणूस मी, मनात लगेच हिशेब. ही ठेवणार. हिचं ऐकून हिची बहीण ठेवणार. पाच वर्षांनी सुनेच्या वर्गात मोठी, छोटी आणि डबावाली. एक बरं-वाईट वाक्य बोललो असतो, या नावाची पोरं अशक्त निघतात म्हणालो असतो, तर तिथल्या तिथे नाव सुटलं असतं. सासूने कान टवकारलेच असते. बोलायला मला कधी शब्द कमी पडलेत? तेवढ्यात त्या पोरीने माझ्याकडे बघितलं.

"बाबा, गावली का नात?"

"गावली."

"नाव लय ग्वाड हाय वो. कुनी ठेवलं?"

"तिच्या आत्यानं."

ती जरा घुटमळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माजी पयली येळ हाय. पोरगी झाली तं... ठेवू का मी? तुमची हरकत न्हाय ना?"

आत्या, नावाला कुणी परवानगी मागतं का? पण तिने मागितली. आणि मला एकदम तुझा शेवटचा दिवस दिसला. दिघाशीच्या अंगणात तू आडवी, आणि गावच्या म्हाताऱ्याने, खांदा द्यायची वेळ झाली म्हणून, माझ्या नावाने हाक मारली. मी मडकं धरून पुढे उभा होतो, मला कशाला बोलावतायत म्हणून वळलो. तर काळा पुढे आला, ढब्या आला, तोतरा आणि वरच्या आळीचाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हाक कानावर पडली आणि सवयीने आले, तुझ्या दाराशी यायचे तसे. पुढे मी, मागे चार खांदे, आणि पाचही जण एकाच नावाचे. तुला स्वतःचं पोर नव्हतं. तुझ्या तिरडीचा एकही खांदा बदलावा लागला नाही.

मी त्या पोरीला म्हटलं, "ठेव. पण हाक मोठ्यानं मारत जा."

ती हसली. सासू म्हणाली, "कोन गं ते?" ती म्हणाली, "कोन न्हाय, ते नात हरवलेले बाबा."

बारसं झकास झालं. माझी मुलगी पाळण्यात वाकली, कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, ती ओरडली, "अगं हळू, मला कामावर जायचंय उद्या!" पोरगी दचकून रडली, तुझ्यासारखी. घुगऱ्या वाटल्या. सून माझ्याजवळ आली, डोळे चमकत होते. "पप्पा, तुम्ही नक्की चौकशी केली ना? दुसरी कुणी नाही ना?" मी म्हटलं, "अख्खा पडघ्याचा बाजार तपासला. एकही नाही." यात खोटं काय होतं? त्या दिवशी खरंच एकही नव्हती.

नाव मी इथेही लिहीत नाही, आत्या. तुला कळवायचं तर ते कानातच सांगायला हवं, आणि कागदाला कान नाही. म्हणून हे पत्र घडी करून कपाटात, तुझ्या त्या हिरव्या लुगड्याखाली. सुनेच्या हाती लागलं नाही म्हणजे मिळवली.

आणि एक सांगायचं राहिलं. हल्ली बाजाराच्या दिवशी मी पडघ्याला जातो. घरी सांगतो, ताजी भाजी चांगली मिळते. भाजी घेतोही थोडी. पण बराच वेळ नुसता उभा असतो, काकडीवालीपाशी, कान देऊन. कुणी ते नाव घेऊन हाक मारील, आणि नात तिकडे भिवंडीत असली तरी मी वळेन.